बांधावरच्या पपया

युफ्रोसिना दुमलाओ हे तिचं पूर्ण नाव, पण हवाई बेटावरच्या पुना भागात तिला सगळे मानांग सिना म्हणत. मानांग म्हणजे आमच्या इलोकानो बोलीत थोरली बहीण. लग्न करून ती फिलिपिन्सहून हवाईला आली ती थेट उसाच्या फडात. शेजारच्या सरीत ऊस तोडायचा शिगेओ कुनिमित्सु. साखर कारखाना बंद पडल्यावर दोघांनी लाव्हाच्या काळ्या खडकात पहारीने खड्डे पाडले आणि बांधाला बांध लावून पपया लावल्या.

मग रोग आला. फळांवर गोल कडी उमटली, पानं आक्रसून कोंबडीच्या पंजासारखी झाली. झाडं तोडायचा हुकूम निघाला. मानांगचा नवरा रूपर्तो ट्रकमध्ये तोंड फिरवून बसला.

"माझ्याच्यानं नाही होत, सिना," म्हणाला.

मानांगने कोयता उचलला. पपईचं खोड मऊ आणि पाणीदार, एका घावात झाड आडवं. फळांनी लगडलेली, फुलावर आलेली, सगळी तिने पाडली. चिकाने हात सोलवटले. आपलं शेत संपल्यावर ती बांध ओलांडून गेली आणि शिगेओबरोबर त्याचीही झाडं पाडली. दोघं एकमेकांकडे न बघता कोयते चालवत होते.

पुढे नवं बी आलं. शास्त्रज्ञांनी रोगाच्याच विषाणूचा एक तुकडा झाडाच्या जनुकांत बसवला होता, त्यामुळे रोग धरेना. मानांगने ते लावलं आणि झाडं स्वच्छ आली. रूपर्तोने मरायच्या आधी तेवढं पाहिलं. शिगेओने मात्र जुनंच बी धरलं. त्याचा माल जपानला जायचा आणि तिथे तेव्हा नवी पपई चालत नव्हती. एके वर्षी त्याच्या फळांत वाऱ्याने आलेल्या नव्या झाडांच्या परागाने धरलेलं बी सापडलं आणि सगळा माल परत आला. त्याच सुमारास त्याच्या नातीने कुणाकडे तरी नवी पपई खाल्ली. पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला, निळी पडली. इस्पितळात वाचली कशीबशी.

नव्या पिकांवर बंदी घालावी का, यावर सभा भरली, तेव्हा आम्ही पपया धुणाऱ्या बाया मानांगबरोबर गेलो होतो. एक जण उठून म्हणाला, "इतकी वर्षं लोक खातायत, कुणाला काय झालं?" मागून दुसरा ओरडला, "मोजलं कुणी?" ढकलाढकली सुरू झाली. एका गोऱ्या पोरीने मानांगच्या तोंडावर थुंकून म्हटलं, "विष विकतेस."

मानांगने बाहीने तोंड पुसलं. "माझी नातवंडं रोज खातात. त्यांना विष घालीन मी?"

तेव्हा शिगेओ उभा राहिला. "तुझी धडधाकट आहेत, सिना, म्हणून माझी सुजली नाही असं होत नाही."

"डॉक्टरनं सांगितलं ना तुला, तिला चिकाचं वावडं आहे? जुनी पपई दिलीस तरी सुजेल."

"देऊन बघू का? तुझ्या खातरीसाठी?"

मग शिगेओ हळू म्हणाला, "निदान बांधालगतच्या ओळी तरी काढ."

"एकदा तोडली तेवढी पुरे झाली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी मानांगचं अर्धं शेत छातीच्या उंचीवर कापलेलं सापडलं. बुंधे चीक गाळत उभे होते आणि हिरवी फळं फुटून चिखलात पडली होती. पोलीस आले, गेले. मानांग एका बुंध्याला पाठ टेकून बसली. आमच्या सगळ्यांच्या नजरा बांधाकडे गेल्या. तेव्हापासून ती कोयता घेऊनच शेतात वावरायची.

आणि एका भरदुपारी शिगेओ उसाचा कोयता घेऊन आला.

"बांधालगतची तोडतोय," म्हणाला. "तुला सांगून बघितलं. आता विचारत नाही."

"आणि बाकीची?"

"ती मी तोडली नाहीत."

"खोटारड्या."

त्याने एक झाड पाडलं. दुसऱ्यावर कोयता उचलला तेवढ्यात मानांगचा कोयता त्याच्या मनगटावर बसला. शिगेओ गुडघ्यांवर बसला आणि लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिला. रक्त चिकात मिसळत होतं.

तिने डोक्याचा रुमाल सोडून त्याचा दंड करकचून आवळला आणि त्याला ट्रकमध्ये कोंबलं. पपया धुण्याच्या आमच्या शेडचं फाटक मोडूनच ट्रक आत आला. "बर्फ आण. बस याच्याजवळ," ती मला म्हणाली. हिलोच्या इस्पितळापर्यंत तो हात मी मांडीवर धरला होता. माझा परकर भिजून पायांना चिकटला.

"सिना," शिगेओ पुटपुटला, "खरंच मी नव्हतो."

"गप्प बस. रक्त जाईल."

"तू विश्वास ठेव."

"नाही ठेवत." ती रडत होती आणि ट्रक हाणत होती.

हात राहिला, पण बोटं मिटेनात. कोर्टात मानांगने काही लपवलं नाही. "झाडावर मारायचा होता का घाव?" न्यायाधीशाने विचारलं. "नाही, साहेब. त्याच्यावरच," ती म्हणाली. शिगेओनेही आपण झाड पाडल्याचं कबूल केलं आणि तिला तुरुंगात टाकू नका असं सांगितलं. देखरेखीवर तिची सुटका झाली. अर्धं शेत कुणी कापलं ते आजवर कळलेलं नाही.

घरी आली त्या दिवशी तिने बांधालगतच्या सगळ्या ओळी स्वतः तोडल्या. मी बरोबर होते. प्रत्येक झाडाशी ती क्षणभर थांबायची, मग घाव घालायची. पलीकडे शिगेओ ओसरीवर डाव्या हाताने भात खात होता. तो उठला नाही, हिने हाक मारली नाही. संपल्यावर तिने कोयता गवतात पुसला आणि म्हणाली, "यंदा तो लावणार नाही काही. एका हाताने पहार कशी धरेल?"

मी म्हटलं, "आपण पाडून देऊ खड्डे."

"माझ्या हातचे घेईल का तो?" ती म्हणाली.