धाकट्याच्या टाइल्स

दोघे भाऊ टाइल्स बसवणारे मिस्त्री, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पण आईच्या तोंडी कौतुक एकाचंच, धाकट्याचं. तिच्या स्वयंपाकघराची भिंत त्यानं केलेली. पाहुणा आला रे आला, की आई त्याला त्या भिंतीपुढे नेऊन उभं करायची. "धाकट्याचा हात हो! इतकी वर्षं झाली, एक टाइल हलली नाही." थोरल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मग आपण काय इतकी वर्षं माशा मारत होतो?

आता टाइल्स जुनाट दिसायला लागल्या, म्हणून आईनं त्या काढायचं ठरवलं आणि थोरला कधी नव्हे तो बोलावण्याआधीच हजर! त्याला फक्त एक पोकळ टाइल हवी होती. चार कोपऱ्यांना सिमेंटचे गोळे लावून टाइल चिकटवून दिली, की मागं पोकळी राहते आणि ठोकल्यावर ती 'ढब' वाजते. अंगचोरपणा लगेच उघडा पडतो. एक सापडू दे, आईला तिथंच उभी करून ऐकवतो, मग बघू कोणाचा हात!

पण एक टाइल ढब म्हणेल तर शपथ. सगळ्या टक्क वाजत होत्या. छिन्नी मारली की तुकड्यातुकड्यानं निघायच्या, तेही गिलावा घेऊन. दुपारपर्यंत थोरल्याचे खांदे भरून आले. मला छळायलाच लेकाच्यानं इतक्या घट्ट बसवल्यात, असंसुद्धा त्याच्या मनात आलं. जळणाऱ्याला काय, कसलंही निमित्त पुरतं.

शेवटी कपाटामागचा कोपरा उरला.

"तो राहू दे रे," आई म्हणाली.

मग तर थोरल्यानं हट्टानं कपाट ओढलं आणि ठोकून पाहिलं. ढब! छिन्नी नुसती टेकवली, तर अख्खी टाइल हातात आली. मागं चार गोळे.

"बघ! बघ तुझ्या लाडक्याचा हात!"

आई म्हणाली, "त्या तू बसवल्यास रे. शेवटच्या दिवशी धाकट्याच्या डोळ्यात सिमेंट गेलं, तो दवाखान्यात होता. उरलेलं काम तू घाईघाईत उरकलंस. वर्षाच्या आत हलायला लागल्या."

थोरल्याला आठवलं. त्याचे कान तापले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कपाट आणून लावलं. त्याला कळलं असतं, तर जन्मभर तुला चिडवलं असतं."

तेवढ्यात दारात धाकट्याची हाक आली. आईनं थोरल्याच्या हातातली टाइल ओढून घेतली, खाली आपटून तिचे तुकडे केले आणि पायानं ढिगात लोटले.

"उरलेल्या फोड लवकर," ती कुजबुजली.