शहजादभाईच्या राजाची उडी

आर्णीच्या बसस्टँडमागे शहजादभाईचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानाच्या बाकावर जवानीपासून मांडलेला बुद्धिबळाचा पट. ऑइलच्या बोटांनी पांढरी मोहरीही काळी झालेली. कोणतं कोणाचं, हे फक्त त्याला आणि रोज समोर खेळायला बसणाऱ्या मारोतराव मास्तरांना कळे.

आता गावात रीतसर क्लब निघाला होता. यवतमाळच्या जिल्हा स्पर्धेला चौघांचा संघ जाणार. तीन जागा बुद्धिबळाच्या क्लासच्या पोरापोरींनी पटकावल्या, चौथीसाठी हे दोघे उरले. शहजादभाई आर्णीबाहेर एकदाही खेळला नव्हता. दुआ मागताना तोंडात आधी ती जागाच यायची, मग शरमून तो घरच्यांची तब्येत मागून घ्यायचा.

पण क्लबात मोबाईलवाले, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियम. लेक जेबा रोज जेवणानंतर शिकवायची.

"अब्बा, प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालते."

"दोन? कायले? मागं कुत्रं लागलं का त्याच्या?"

"आणि राजा उडत नाही."

हे मात्र जड गेलं. देशी खेळात राजाला शह बसलेला नसेल, तर डावात एकदा तो घोड्यासारखा अडीच घरं उडतो. "न उडे तो राजा कायचा?" असं म्हणत त्याने तेही पाठ केलं.

निवडीच्या डावात मारोतराव नेहमीसारखे कुरकुरत हरत होते. "मारला ना बे माह्या हत्तीले! असा मारते का कोणी म्हाताऱ्याचा हत्ती?"

दोन चालींत मारोतरावांवर मात होती. तेवढा राजा कोपऱ्यातून काढला की झालं. शहजादभाईने राजा उचलला आणि उडवला.

"वा रे पठ्ठ्या!" मारोतरावांनी मान डोलावली, उंट सरकवला, घड्याळ दाबलं. दोघांनाही काही वावगं दिसलं नाही.

दिसलं ते पंच संघर्षला. क्लासचा हा तरुण शिक्षक सूचनाफलक वाचल्यासारखा बोलतो. "थांबा काका. ही चाल नियमबाह्य आहे. मोहरी पूर्ववत होतील. मात्र राजाला हात लावल्यामुळे राजाच चालवावा लागेल."

राजाला एकच घर मोकळं होतं. तिथं गेला की मारोतरावांच्या वजिराची मात.

"मले मंजूर हाय ना बाप्पा त्याची उडी!" मारोतराव उसळले. "तुले काय तकलीफ?"

"प्रश्न मंजुरीचा नाही, काका."

शहजादभाईने राजा त्या घरात ठेवला. मारोतराव नुसते घड्याळाकडे बघत बसले.

"मारा ना मास्तर. वेळ जाऊन राह्यला."

"मी नाही मारत."

"वेळेवर जितून मी नाही जात. मंग दोघंही घरीच. एक तरी जा."

मारोतरावांनी वजीर सरकवला. तोंडाने मात म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ते दुकानावर येऊन स्वतःच मोहरी मांडू लागले. "चाल, आपल्यावाला होऊन जाऊ दे. उडव किती उडवतं तो राजा."

शहजादभाई स्कूटीचा ब्रेक आवळत होता. उठला आणि मांडलेली मोहरी डब्यात टाकायला लागला.

"काहून बे?"

"तुम्हाले यवतमाळले जायचं हाय. हे खेळसान तं हात असाच राहीन, माह्यासारखं होईन. आता पोराइसंगं खेळा, मोबाईलवालं."

"अन् तिथून आल्यावर?"

"आल्यावर पाहू ना," शहजादभाई म्हणाला. गिऱ्हाइकाला टाळायला 'गाडी उद्या होते' सांगताना तो जो आवाज काढायचा, तोच हा. मारोतरावांनी तो इतकी वर्षं बाकावर बसून ऐकला होता.