उलटी घडी

रविवार, ९ मार्च. सकाळी गॅसची नळी बदलली. धुणं भिजत घातलं. दुपारी भाऊजी छापील कोडं घेऊन आले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आता मुलांसाठी कोडी रचतात. आधी चौकटींचा तक्ता. सूचना वाचत फुल्या मारायच्या आणि कोणत्या बाटलीत काय आहे ते ओळखायचं. मग तुटक रेषेवर कागद दुमडायचा. ज्या दोन बाटल्या समोरासमोर येतील, त्यांतलं घरी मिसळून पाहायचं. या खेपेला खायचा सोडा आणि लिंबाचा रस यायचा होता.

प्रत्येक कोडं आधी माझ्याकडे येतं. "वहिनी, तुम्हाला सुटलं की कुणालाही सुटेल," हा त्यांचा ठरलेला टोमणा. मागच्या आठवड्यात त्यांच्या हातचा नमुना मी सोडवला, बरोबर आला. शुक्रवारी छापलेले कागद त्यांच्या जुन्या शाळेतल्या एका वर्गात वाटलेसुद्धा.

आज छापील कागद सहज दुमडला. समोरासमोर आलं संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच.

"भाऊजी, हे असंच हवंय?"

त्यांनी कागद उलगडून पुन्हा दुमडून पाहिला. घडीची रेष कागदाच्या पाठीवर काढायची, ती त्यांनी पुढे काढली होती; त्यामुळे कागद उलटा वळून भलत्याच बाटल्या समोर येत होत्या.

"नमुना मी आधीच दुमडून पाहिलेला. तुमच्या हातात तो जुन्या घडीवरच वळला." ते वर्गाच्या बाईंना फोन लावू लागले. "विषारी वायू होतो, वहिनी. बंद न्हाणीघरात तर..."

वर्गाच्या बाईंनी घरोघरी फोन केले. एक सोडून सगळ्या घरांतून उत्तर आलं. ते घर मागच्याच गल्लीतल्या एका मुलीचं. आम्ही दोघं निघालो. जिना चढताना मी नुसता वास घेत होते.

दार मुलीनंच उघडलं. आई कामावर गेलेली. तिच्या हातात कागद, शेवटपर्यंत दुमडलेला. न्हाणीघरात दोन्ही बाटल्या झाकणं काढून शेजारी शेजारी ठेवलेल्या.

"मिसळलंस?" भाऊजींनी विचारलं.

"कशात मिसळू? बादलीत आईचं धुणं भिजतंय."

भाऊजी झाकणं लावू लागले. एक आट्यांवर सारखं तिरकंच बसत होतं. शेवटी मी लावलं.

"आजोबा, माझं चुकलं का?"

"नाही गं. तू बरोबर सोडवलंस."

घरी आल्यावर चहा तसाच निवला. भाऊजी खुर्चीत बसून तो कागद पुन्हा पुन्हा उलटसुलट दुमडत राहिले.

आमचं सकाळचं धुणं बादलीतच राहिलं. उद्या पिळून वाळत घालायचं.