चुना आणि काव

कोणी तक्रार सांगायला तोंड उघडलं की काका चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. "हां, बोल. आता मला कोण दिसत नाय, नुसतं ऐकू येतं," म्हणायचे. तुमच्याही वाडीत असा एखादा पंच असेल. लोकांना त्यात मोठेपणा वाटे. मला वाटे, बोलणाऱ्याच्या डोळ्यांत जो बघत नाही त्याच्या पोटात नक्की काहीतरी आहे.

ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या शेजारच्या वाडीतले. बाबा गेल्यावर माझं आणि दादाचं बागेवरून फाटलं. दादा मुंबईला, मी इथेच, मिरजोळ्याच्या एका कारखान्यात फिटर. कोर्टात गेलो तर नातवंडंसुद्धा तारखाच घेत बसतील, म्हणून दोघांनी सह्या करून ह्या काकांना लवाद नेमलं. त्यांचा निर्णय मान्य, असं लिहून दिलं. मला फक्त विहिरीचं पाणी हवं होतं. वरच्या कातळाला लागून मी हापूसची नवी चाळीस कलमं लावली होती आणि पाण्याशिवाय ती एक उन्हाळा काढणार नव्हती.

काका आठ दिवस बागेत नुसते फिरले. हातात टेप नाही, नकाशा नाही. झाडाला हात लावायचे आणि पुढे जायचे. बायको म्हणाली, विचार करत असतील. मी म्हटलं, विचार कसला, भाव ठरत असेल. त्याच आठवड्यात एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात ते आणि दादा समोरासमोर बसलेले मला बसमधून दिसले. दादा मुंबईहून आला होता आणि घरी आला नव्हता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग एका सकाळी काका दोन डबे घेऊन आले. दादाच्या झाडांना त्यांनी चुन्याचा पट्टा ओढला, माझ्या झाडांना तांबड्या कावेचा. झाडं दोघांना सारखी आली, हे मी तीनदा मोजून बघितलं. पण विहीर चुन्याकडे गेली. आमच्याकडे वाटणीच्या कागदात शेवटी एक ओळ असतेच, विहिरीचं पाणी आणि जायची-यायची वाट दोघांची. ती ओळ ह्या कागदात नव्हती. जन्मभर ज्याने जमिनी मोजल्या तो नेमकी हीच ओळ विसरतो, हे तुम्हाला पटतं? मला नाही पटलं. भर बाजारात चार जणांसमोर मी बोललो, "म्हाताऱ्याने खाल्लंय."

ते त्यांच्या कानावर गेलंच असणार. तरी भेटले की विचारायचे, कलमं कशी आहेत रे? मी तोंड फिरवायचो.

एप्रिलात दादा आंबा काढायला आला आणि त्याने विहिरीवरच्या पंपाला कुलूप घातलं. रस्त्याकडची बाजू माझी होती. मी वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या आणि त्याचा टेम्पो अडवला. वर माझी कलमं माना टाकत होती, खाली त्याच्या पेट्या तापत होत्या. तिसऱ्या दिवशी तो फांद्यांपाशी येऊन उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"काय दिलंस तू म्हाताऱ्याला?"

मी म्हटलं, दिलंस तू, म्हणून तर विहीर तुला मिळाली. तर तो म्हणे, मग रस्ता तुला कसा मिळाला? काकांना तुझ्या कारखान्याच्या गेटवर तुझ्याशी बोलताना बघितलंय लोकांनी. ते खरं होतं. काका माझ्याकडेही आले होते, चांगले तासभर बोलले होते. ते मी सोयीने विसरलो होतो.

दोघे तसेच तणतणत त्यांच्या पडवीत गेलो. त्यांनी चष्मा काढला आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दोघांनाही मी लबाड वाटलो," ते म्हणाले. "मग वाटणी सारखी झाली म्हणायची."

दादाने विचारलं, ती ओळ का नाही लिहिलीत?

"मी लिहिली असती तर दुसऱ्या वर्षी तुम्ही मोडली असती. आता तुम्हीच लिवा. मी सही करतो."

आम्ही तिथेच बसून लिहिली. पाण्याचं दादाने लिहिलं, वाटेचं मी. खरं सांगू? अजूनही मला वाटतं, म्हातारा ती ओळ साफ विसरला होता आणि आयत्या वेळी त्याने ती निभावून नेली. माझा स्वभावच तसला. पण कलमं जगली, आणि दादा गणपतीत माझ्या घरी उतरायला लागला. काकांची माफी मागायची होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली.

गेल्या श्रावणात ते गेले. दादा मिळेल ती गाडी पकडून आला. आम्ही दोघांनी खांदा दिला. स्मशानातून परतताना मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "दोघेपण आलेत बघ. म्हणजे म्हाताऱ्याने दोघांकडून खाल्लेलं."

मी संतापून वळलो, आणि आठवलं. गावात ही गोष्ट पहिल्यांदा मीच बोललो होतो. माझी मलाच लाज वाटली. ज्याच्याकडे जाऊन ती परत घ्यायची, तो मागे जळत होता.