सासऱ्यांचं लिनक्स

जगातल्या प्रत्येक संगणकात आणखी एका बिऱ्हाडाला जागा असतेच, यावर माझ्या सासऱ्यांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी देवावरही नसावी. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यापासून अण्णांचं एकच व्रत: लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती आली की ती कुणाच्या तरी संगणकात विंडोजच्या शेजारी बसवायची. विंडोज काढायचं मात्र नाही. "आधीपासून राहणाऱ्याला उठवू नये," असं ते म्हणतात. मी मुलगी बघायला त्यांच्या यशवंतपूरच्या घरी गेलो, तेव्हा पोह्यांची बशी पुढे करत त्यांनी विचारलं, "रिकामी जागा किती आहे?" मी नम्रपणे म्हणालो, "एचएसआर भागात दोन खोल्या, एक हॉल..." "घरातली नाही हो, लॅपटॉपमधली!" लग्न जमलं ते बहुधा माझी अर्धी डिस्क मोकळी होती म्हणूनच. एकदा ते दात काढायला गेले आणि डॉक्टरांच्या संगणकावर लिनक्स बसवून आले. दात तसाच राहिला.

लग्नानंतर एका रविवारी सकाळी माझ्या लॅपटॉपची पाळी आली. सगळं बसवून झालं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर समोर एकटं लिनक्स. विंडोजचा पत्ताच नाही, आणि त्यात माझं ऑफिसचं महिन्याभराचं काम.

"कॉपी काढून ठेवलीत ना?"

मी आडवी मान हलवली.

"स्वल्प थांबा," एवढंच म्हणून अण्णा स्क्रीनला जवळजवळ नाक लावून बसले. चहा निवला. सासूबाईंनी वाढलेली ताटं झाकून ठेवली. दुपारी उलगडा झाला: विंडोज जागच्या जागी होतं, सुरुवातीच्या यादीत त्याचं नाव घालायचं तेवढं राहिलं होतं. ते घातलं आणि माझं काम जसंच्या तसं परत आलं. हात धुताना अण्णा हळूच म्हणाले, "जावईबापू, फार घाबरलो होतो हो मी." त्या दिवशी मला ते पहिल्यांदा आपले वाटले.

गेल्या महिन्यात पुन्हा नवी आवृत्ती आली. अण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही. "तुम्ही या आणि वाचा, मी सांगतो," त्यांनी फोनवर म्हटलं. खरं तर एव्हाना मला सगळं पाठ झालंय, एकट्यानं झटकन उरकलं असतं. पण मी त्यांच्या शेजारी बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेलो आणि ते डोळे मिटून कानडी वळणानं "सरी, बरं, पुढे" म्हणत राहिले. एका ठिकाणी उत्तर ठाऊक असूनही मी थांबलो.

"अण्णा, इथं काय करायचं?"

त्यांनी डोळे उघडले आणि खुर्ची पुढे ओढली.