मुसळीची जागा
उकरलेल्या मातीचा वास आला की मला जव्हारचा सायबर कॅफे आठवतो. शाळेत शिकवून झालं की मी तिथं बसून वनस्पतींच्या इंटरनेट गटात गप्पा मारायचो. एकदा औषधाला जाणारा कंद, सफेद मुसळी, रानात दिसल्याचं मी लिहिलं. कुणी पानं विचारली, कुणी फुलं. एकानं मात्र आधी जेवलात का विचारलं आणि मग हळूच, "सर, नक्की कुठल्या उतारावर?" मला ते खटकलं. "कंदाची जागा पाव्हण्यालापण सांगायची नाय," असं आई म्हणायची. मी मुद्दाम जव्हारजवळच्या शिरपामाळचं नाव लिहून टाकलं. तिथं मुसळी मी कधीच पाहिली नव्हती. आठवड्याभरानं तिकडं गेलो, तर उतारावर ताजे खड्डेच खड्डे. अजूनही गटात कुणी जेवलात का विचारलं, की मी उत्तर देत नाही.