शेजारच्या खाटेवरचे काका

गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या पत्नीच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे काका होते. दोघांचाही कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेला होता. जन्मभर विड्या वळलेली काकांची बोटं चादरीचं टोक सतत वळत असायची.

एकदा त्यांनी डॉक्टरांकडे मरणाचं इंजेक्शन मागितलं.

"काका, आपल्याकडे तसा कायदा नाही."

"मराले कायदा पायजे? मंग एवढं दुखाले कोनाची परवानगी होती?"

मला हसू आलं. इतक्यात पत्नी डोळे मिटूनच म्हणाली, "डॉक्टर, कायदा झाला की मलाही द्या."

काकांची बोटं थांबली. "तू काऊन वो माय? तुयं माणूस तं जवळ बसून हाये!"

"त्यांच्यासाठीच तर सोसते आहे, काका."

आता ती नाही. तिचं ते वाक्य ऐकेपर्यंत मी समजत होतो, धीर मी तिला देतो आहे.